मोताळ्याचे आडवे नेमबाज

हे किस्से मला जसे आठवतात तसेच घडले का, याची मला खात्री नाही. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण वय झालं की आठवणी घरातल्या जुन्या डब्यांसारख्या होतात. झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा. कुठला किस्सा आधीचा, कोण काय म्हणालं, याबद्दल मी रोज स्वतःशीच भांडतो. तरी सांगतो. चूक निघाली तर माझी समजावी.

चीनच्या लढाईनंतर गावोगाव रायफल क्लब निघाले, तसा मोताळ्यातही निघाला. गावाबाहेर नाल्याच्या काठी मातीचा उंच बांध घातला, त्यापुढे निशाणाचे कागद लावायच्या चौकटी ठोकल्या. पहिल्या महिन्यात तरुणांची गर्दी उसळली. दुसऱ्या महिन्यात त्यांना कळलं, की बंदूक क्वचितच उडवायची असते आणि बाकी वेळ श्वास धरून पडून राहायचं असतं. मग गर्दी पांगली. उरलो आम्ही, पन्नाशी-साठीतले. त्यात दोघे खरे नेमबाज. एक अण्णा, वनखात्यातून निवृत्त झालेले. दुसरे गुलाबराव, वांगी-टमाटे पिकवणारे शेतकरी. मी नेमात सर्वांत कच्चा, म्हणून माझ्याकडे गुण मोजायचं काम.

*

रायफल पालथं पडून चालवायची. नेम धरणं सोपं, पडणं आणि उठणं अवघड. अण्णांचे गुडघे आणि गुलाबरावांची कंबर यांची बोलणी झाल्याशिवाय कोणी जमिनीवर पोचत नसे. म्हणून क्लबात एक रिवाजच पडला. एकदा आडवं झालं, की सगळं संपेपर्यंत उठायचं नाही. चहासुद्धा पडल्या पडल्या, बशीतून.

एकदा तालुक्याला आलेले नवे साहेब क्लब बघायला आले. पाहतात तर तरटावर ओळीने म्हातारे पालथे पडलेले आणि फुंकर घालून चहा पितायत. साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की यांना काही झालंय का.

अण्णांनी मान न वळवता सांगितलं, "काही नाही साहेब. उठलं तं पुन्हा पडा लागते."

*

गुलाबरावांचे दोन चष्मे होते. जवळचा लावला तर बंदुकीच्या टोकावरची, नेम जुळवायची माशी दिसे, निशाण दिसत नसे. लांबचा लावला तर निशाण दिसे, माशी गायब. मी त्यांना भिंगांचं सगळं गणित समजावलं. दोन्ही अंतरं एकदम स्पष्ट दिसणं या वयात का शक्य नाही, हे कागदावर आकृती काढून दाखवलं. त्यांनी आकृती फार आदराने पाहिली आणि जवळचा चष्मा लावून आडवे झाले.

मी म्हणालो, "गुलाबराव, अहो निशाण दिसणार नाही."

"निशाण तं कालही तिथंच होतं सर. त्याले काय पाहाचं?"

*

अण्णांना कमी ऐकू येई. गोळी सोडायचा हुकूम झालेला कळत नसे. म्हणून असं ठरलं, की शेजारी पडलेल्या गुलाबरावांनी कोपराने ढोसलं की अण्णांनी गोळी सोडायची. एका सकाळी गुलाबरावांच्या बाहीत मुंगळा शिरला. ते तळमळले, कोपर लागलं आणि हुकमाआधीच अण्णांची गोळी सुटली. नशिबाने पुढे कोणी नव्हतं.

कागद आणून पाहिला. काळ्या ठिपक्याच्या अगदी मध्यात भोक!

अण्णा गुलाबरावांना म्हणाले, "उद्यापासून तो मुंगळा घेऊन येत जा बे."

*

अण्णांचा हात थरथरू लागला तेव्हा मी त्यांना शास्त्र सांगितलं. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे शरीर क्षणभर स्थिर असतं, गोळी तेव्हा सोडावी. अण्णांनी मान डोलावली आणि आडवे झाले. बराच वेळ गेला. गोळी नाही, हालचाल नाही. मी घाबरून वाकून पाहिलं. अण्णा घामाघूम झालेले.

"सर, पह्यले फक्त नेमाची काळजी होती. तुम्ही सांगितल्यापासून पुढचा ठोका येते का नाही, याची लागली."

*

आता शेवटचा.

पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात आमच्या क्लबाला एकच जागा मिळाली. पुढच्या वर्षापासून वयाची अट येणार, हे सर्वांना ठाऊक होतं. म्हणजे अण्णा किंवा गुलाबराव, दोघांतला एकच जाणार आणि राहील तो कायमचा राहील. त्या आठवड्यात दोघे एकमेकांशी इतक्या नम्रपणे बोलू लागले, की आम्हाला काळजी वाटली.

निवडीच्या दिवशी दोघे शेजारी शेजारी पडले. प्रत्येकी दहा गोळ्या. शेजाऱ्याच्या कागदावर गोळी गेली तर ती मारणाऱ्याची वाया, आणि कागदावर जास्तीचं भोक निघालं तर सर्वांत वाईट भोक सोडून द्यायचं, असा आमचा नियम. मी भिंग लावून मोजलं. दोन्ही कागदांवर दहा-दहा भोकं. अण्णा एका गुणाने पुढे. गुलाबराव त्यांची वळकटी उचलून एसटीपर्यंत पोचवायला गेले. पुण्यात अण्णांचा नंबर शेवटून मोजणं सोयीचं होतं, पण परत आले ते नवरदेवासारखे.

बऱ्याच वर्षांनी मोताळ्याच्या बाजारात गुलाबराव भेटले. वांग्यांवर पाणी शिंपडत हळूच म्हणाले, "सर, त्या दिवशी शेवटची गोळी म्या अण्णाच्या कागदावर मारली. पार मधात. म्हटलं, जाऊ दे त्याले. पण सांगू नोका."

माझी झोप उडाली. तसं असेल तर अण्णांच्या कागदावर अकरा भोकं हवीत आणि गुलाबरावांच्या नऊ. म्हणजे एक तर गुलाबराव थापा मारतात, नाही तर मी मोजण्यात चुकलो. आयुष्यभर पोरांना मोजमाप शिकवलेला माणूस मी. पुढची काही वर्षं वाईटच गेली.

मग अण्णांच्या नातीचं लग्न निघालं. पंगत उठल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. तोवर त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय.

"सर, एक सांगतो. निवडीच्या दिवशी एक गोळी म्या मुद्दाम गुलाबच्या कागदावर टाकली होती. तरी निवड माहीच झाली. त्याले सांगू नोका. लय हळवा आहे तो."

भोकं मी बरोबर मोजली होती.