तळघरातला बंब

नातीच्या काखांत हात घालून मी तिला दाराबाहेर ओढलं, पायऱ्यांवरून बर्फात आणून ठेवलं, तेव्हा तिची मान एका बाजूला पडली होती. मी तिच्या गालावर मारलं. ती हलली नाही. पुन्हा मारलं, जोरात. तिने तोंड वाकडं केलं आणि उलटी केली. मला बरं वाटलं. उलटी करतो तो जिवंत असतो.

माझे यजमान अजून आत होते, खाली तळघरात. मी उभी राहिले आणि लगेच बसले. उघड्या दारातून भाजलेल्या तिळाचा वास येत होता. मला त्या बर्फावर आडवं होऊन झोपावंसं वाटत होतं. अंगावर साडी आणि स्वेटर, पाय अनवाणी, तरी थंडी वाजत नव्हती. उलट फार छान वाटत होतं, लहानपणी तापात वाटतं तसं. ते छान वाटणं विषारी हवेमुळे होतं, हे मला दवाखान्यात सांगितलं.

हे घर मुलाचं. अमेरिकेतल्या हर्नडन गावाच्या जुन्या भागातलं, विटांचं. नव्या घरांत गरम हवा जाळ्यांतून येते. या घराच्या तळघरात गॅसवर चालणारा एक लोखंडी बॉयलर होता. त्यात पाणी तापायचं आणि पाइपांतून घरभर फिरायचं. प्रत्येक खिडकीखाली लोखंडी फासळ्यांचं एक धूड, त्यातून ते पाणी गेलं की खोली ऊबदार व्हायची. आम्ही दोघं त्याला बंब म्हणायचो. गावाकडे आमच्या न्हाणीपाशी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत ढलप्या टाकायच्या आणि भोवती पाणी. हा तसाच, फक्त कपाटाएवढा आणि घरात.

थंडीत दुपारी घर आवाज करायचं. पाइपात टकटक व्हायची, मग लांब कुणीतरी हंडा सरकवल्यासारखं वाटायचं. मी फासळ्यांपाशी खुर्ची घेऊन लसूण सोलायचे आणि ते ऐकता ऐकता डुलकी लागायची. डुलकीत मी कुठेही असायचे. कधी विहिरीवर, कधी शाळेच्या पायरीवर, कधी मेलेल्या बायकांशी बोलत. जागी झाले की खिडकीत बर्फ आणि हातात लसूण. कुठलं खरं, ते ठरवायला थोडा वेळ लागायचा. घाई कसलीच नव्हती. अमेरिकेत म्हाताऱ्या बाईला दुपारी काही काम नसतं.

यजमानांनी खाली बंबाशेजारच्या खोलीत खाट टाकून घेतली होती. वर थंडी वाजते म्हणायचे. खरं म्हणजे वर सूनबाई त्यांना रेडिओचा आवाज कमी करायला सांगायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर बंब कुरकुर करायला लागला. मध्येच विझायचा. खालून पाणी पाझरून फरशीवर गंजाचा लाल ओघळ आला होता. मुलाने माणसं बोलावली. तिघे आले, तिघांनी टॉर्च मारून पाहिलं आणि तिघांनीही सांगितलं, नवा बसवा. एकाने असंही सांगितलं की धूर वर नेणारा पाइपही जुना झालाय, तो याच्याबरोबरच बदलू.

संध्याकाळी जेवताना मुलाने आकडा सांगितला.

"बारा हजार. हा सगळ्यात स्वस्तवाला."

"रुपये?" यजमानांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"बाबा, डॉलर."

"म्हणजे आठ लाख. सोन्याचा आहे का?"

"त्यात लेबर आलं, पाइप आले, परमिट आलं."

"आपलं गावचं घर मी चार लाखांत बांधलं. विहिरीसकट. आणि हे नुसतं पाणी तापवायला आठ लाख."

सूनबाई म्हणाली, "बाबा, विंटरमध्ये रेट जास्तच असतात. एप्रिलमध्ये हेच लोक डिस्काउंट देतात."

"मग एप्रिल," यजमान म्हणाले. "एवढी वर्षं चाललाय, चार महिन्यांत मरत नाही तो."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुला काय वाटतं?"

"मला कशाला विचारतोस? पाणी तापतंय ना?"

तेव्हा एप्रिल ठरला.

आता धोक्याच्या घंटीचं सांगते. या देशात प्रत्येक घरात छताला एक गोल पांढरी डबी लावलेली असते. धूर झाला की ती किंचाळते. आमची जी होती ती धुरालाही किंचाळायची आणि बंबातून निघणाऱ्या त्या वास नसलेल्या विषारी हवेलाही. ती स्वयंपाकघराबाहेर होती. त्यामुळे मोहरी तडतडली की किंचाळायची, मिरची पडली की किंचाळायची, पोळी जराशी करपली तरी किंचाळायची. हे आमच्याच घरी होतं असं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या एकाही घरात मी ती डबी धड पाहिली नाही. कुणी तिला हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची न्हाणीटोपी घालायचं, कुणी खाली टॉवेल हलवत उभं राहायचं. आमच्याकडे फोडणीआधी बॅटरी काढायची आणि जेवणं झाली की परत घालायची. यजमान उंच होते, ते काम त्यांचं. स्टुलावर चढताना म्हणायचे, "चला, हिला झोपवतो."

संक्रांतीच्या सुमाराला, शनिवारी, मंडळाचं हळदीकुंकू होतं. मुलगा आणि सूनबाई सकाळीच हॉल लावायला गेले. बर्फ पडत होतं म्हणून नातीला माझ्यापाशी ठेवलं. ती तेव्हा तिसरीत होती. मी तीळ भाजायला घेतले. तीळ सावकाश भाजावे लागतात, एक घाणा झाला की दुसरा. मग गूळ, मग गुळपोळ्या. यजमानांनी सकाळीच बॅटरी काढून खिडकीत ठेवली होती. एकदा त्यांनी विचारलं, "घालू का परत?" मी म्हटलं, "पोळ्या व्हायच्यात अजून."

दुपारी ते तुपाशी दोन पोळ्या खाऊन खाली गेले. जाताना म्हणाले, "आज बंब छान तापलाय. झोप येणार." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यात विशेष काही नाही. माणूस शेवटचं बोलताना शेवटचं म्हणून बोलत नाही.

मी आणि नात बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलो. ती टीव्ही बघत होती.

"आजी, माय हेड हर्ट्स."

"बघ अजून तो टीव्ही."

"टीव्हीमुळे नाही, आजी. आय ॲम सो स्लीपी."

"मग झोप. ये इकडे."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. माझंही डोकं जड झालं होतं, फडक्याने आवळून बांधल्यासारखं. बाहेर बर्फ पडत होतं. पाहता पाहता ते बर्फ राहिलं नाही, कुणीतरी अंगणात कापूस पिंजत होतं. पिंजाऱ्याच्या तारेचा आवाज भिंतीतल्या पाइपांतून येत होता. मग मी माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या खोलीत होते. दार बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. आई भिंतीला टेकून बसली होती. ती मेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण तिथे ती माझ्यापेक्षा तरुण होती आणि मला ते चमत्कारिक वाटत नव्हतं. मांडीवर बाळ होतं, चांगलंच जड. भिंती हळूहळू पुढे येत होत्या आणि मागे जात होत्या. आई काही बोलत नव्हती. मला वाटलं, इथेच राहावं. कुणी बोलावत नाही, कुणी उठवत नाही, ऊब आहे.

मला उठवलं ते मळमळीने. उलटी येणार हे कळलं आणि सूनबाईचा सोफा पांढरा आहे हे आठवलं. ती या सोफ्यावर कुणाला चहासुद्धा पिऊ देत नाही. तेवढ्यासाठी मी उठले. भिंत धरून पुढच्या दाराशी गेले, दार उघडलं, बाहेर ओकले. गार हवा तोंडावर आली तेव्हा पिंजारी गेला, आई गेली. मागे वळून नातीला हाक मारली. ती उठली नाही. मघाशी सांगितलं ते त्यानंतरचं.

समोरचा गोरा म्हातारा यंत्राने आपल्या दारातलं बर्फ उडवत होता. त्याने मला अनवाणी पाहिलं आणि यंत्र तसंच टाकून आला. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही. मी घराकडे बोट दाखवून म्हटलं, "हजबंड. डाउन." मी उठून दाराकडे जायला लागले तर त्याने मला मागून धरलं. "नो, नो," म्हणत राहिला आणि एका हाताने फोन करत राहिला. मी त्याच्या हाताला चावले. त्याने सोडलं नाही. सोडलं असतं तर मी खाली गेले असते आणि वर आले नसते.

बंबवाले आले. आपल्याकडे आग विझवणाऱ्यांना बंबवाले म्हणतात, इथे आग नव्हती तरी तेच येतात. तोंडाला मुखवटे लावून ते आत शिरले आणि यजमानांना स्ट्रेचरवर घालून मागच्या दाराने घेऊन आले. त्यांचे गाल गुलाबी झाले होते. ओठ लालसर. लग्नात हळद लागली होती तेव्हाही ते इतके तजेलदार दिसले नव्हते. मला वाटलं, चांगले आहेत की. त्या विषारी हवेने गेलेला माणूस असाच दिसतो. ते झोपेतच गेले होते.

धूर वर नेणारा पाइप गंजून सांध्यातून निखळला होता. चिमणीत जायचं ते सगळं त्यांच्या खोलीत येत होतं, आणि तिथून वर आमच्याकडे.

दवाखान्यात नात शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "आजी, यू स्लॅप्ड मी."

"हो. पुन्हा अशी झोपलीस तर पुन्हा मारीन."

ती हसली. मग तिने आजोबांचं विचारलं. मी सांगितलं. सूनबाईला वाटत होतं की हळूहळू सांगावं. मेलेला माणूस हळूहळू कसा सांगणार?

भेटायला मंडळातली माणसं आली. एकजण म्हणाली, "मावशी, देवानेच तुम्हाला उठवलं." मी म्हटलं, देवाला उठवायचंच होतं तर त्याने आधी तळघरात जायचं. त्या आठवड्यात पुष्कळ घरांतल्या न्हाणीटोप्या निघाल्या, असं सूनबाई सांगते. पुन्हा घातल्याही असतील. फोडणी कोणी थांबवलेली नाही.

नवा बंब लगेच बसवला. ऐन थंडीत, घाईने, म्हणून आणखी महाग पडला. मुलाने किंमत विचारली नाही, नुसती सही केली. नंतर स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई, मी एप्रिलपर्यंत थांबायला नको होतं."

"एप्रिल तुझ्या बाबांनी ठरवलं. त्यांचं त्यांच्याकडे राहू दे."

"पण मला कळायला हवं होतं."

"जेव. भाजी गार होते आहे."

तो जेवला. रडत होता, पण जेवला.

नवा बंब लहान आहे, भिंतीवर टांगलेला. त्याचा आवाज येत नाही. फासळ्या गरम होतात, पण पाइपात काही वाजत नाही, त्यामुळे दुपारी मला पूर्वीसारखी झोप लागत नाही. लागली तरी उथळ. आई येत नाही, विहीर येत नाही. कधी कधी यजमान येतात, दारात उभे राहतात, गाल तसेच गुलाबी. मी त्यांना बसा म्हणते. ते बसत नाहीत.

नात आता कॉलेजात आहे. हे सगळं ती मैत्रिणींना सांगते तेव्हा मी किती हुशारीने तिला बाहेर काढलं असं सांगते. मी दर वेळी तिची चूक दुरुस्त करते, म्हणते, मला उलटी येत होती आणि सोफा पांढरा होता.

त्या दुपारी घरात आम्ही तिघं होतो. ती आणि मी, आम्ही दोघी जगलो.