सत्यवतीच्या पाटावर

देवकीला लग्नात जे नवं नाव मिळालं, ते आधी वापरून झालेलं होतं.

उमरेडकडच्या एका खेड्यातल्या नत्थूजींची ही तिसरी पोरगी. चौथी पास, उंचनिंच, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालणारी की शेताच्या त्या टोकाचा बैल मान वर करायचा. सतराव्या वर्षी तिचं लग्न नागपूरच्या गिरिधरशी ठरलं. गिरिधर धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. नोकरी बरी, माणूस गरीब स्वभावाचा, फक्त बिजवर. पहिली बायको सत्यवती तापानं गेली होती. मागे दहा महिन्यांची मुलगी होती.

मांडवात ताटात तांदूळ पसरले, गिरिधरच्या हाती अंगठी दिली आणि सगळे वाकून बघू लागले. नव्या नवरीचं नाव लिहायचं होतं.

"काय लिहू?" त्यानं आईला विचारलं.

"सत्यवतीच लिही ना," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुह्या तोंडात बसलं हाये. रेशनकारडावर हाये. भांड्यायवर कोरलेलं हाये. पोट्टी उद्या आईचं नाव विचारीन, त दोन-दोन नावं कुठून सांगाची?"

मांडव हसला. कोणीतरी म्हणालं, "बुढीनं भांड्यायची कोराई वाचवली गा!" सगळे हसत होते म्हणून देवकीही हसली. गिरिधरच्या हाताला त्या अक्षरांची सवय होती. एका झटक्यात लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी तिच्या गळ्यात चांदीचा छोटा टाक घातला. सवतीचा टाक. मेलेलीला मान दिला की ती जिवंत बाईला त्रास देत नाही, असा रिवाज. महिन्याभरात त्यांनी इतवारीतलं घर सोडलं आणि सक्करदऱ्याच्या मागे बिऱ्हाड केलं. तिथे या घरात कोण आलं नि कोण गेलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नातेवाइकांना तंबी होती: चंद्रकलेपुढे अवाक्षर काढायचं नाही.

आणि खरंच, कुणी काढलं नाही. देवकी उंबऱ्यातून आत आली तेव्हा चंद्रकला रांगत होती. ती पहिल्यांदा उभी राहिली ती देवकीचं लुगडं धरून. पहिला शब्द 'आई'. देवकीला पुढे स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख करायला तिला कधी सवड झाली नाही. शीळ मात्र पहिल्याच आठवड्यात बंद झाली. "आपल्या घरच्या बाया असं नाही करत वं," पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, आणि आपल्या घरच्या बाया म्हणजे कोण, ते देवकीला न विचारता कळलं होतं.

वर्षातून एक दिवस मात्र ती चुपचाप धास्तावायची. पितृपक्षातली अविधवा नवमी. सौभाग्य असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवतात, तिचे पाय धुतात, हळदकुंकू लावतात, जेवू घालतात. ती जेवली की मेलेली जेवली. सवाष्ण बाहेरून बोलवावी, तर तिला गेलेलीचं नाव सांगावं लागणार. नाव फुटलं की सगळंच फुटणार. म्हणून पार्वतीबाईंनी पहिल्याच वर्षी तोड काढली: सवाष्ण घरातलीच. देवकीच. चंद्रकलेला सांगितलं, पणजीच्या नावाचं आहे.

बारा वर्षं देवकी त्या पाटावर बसत होती. पार्वतीबाई डोळे मिटून पुटपुटायच्या, "सत्यवते, जेव वं माय, पोटभर जेव," आणि देवकी वडा मोडायची. घास गिळताना तिला दरवर्षी वाटायचं, बोलावलं कुणाला आणि आलं कोण!

बहात्तर साली समोरच्या खोलीत कुसुमताई भाड्यानं राहायला आल्या. शाळेत शिक्षिका, आणि संध्याकाळी एम.ए. करत होत्या. मानसशास्त्रात. पितृपक्षाच्या आधी एका दुपारी त्या वीस रेघा आखलेला कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"वहिनी, माझं एक काम करा. वर प्रश्न आहे, 'मी कोण?' खाली वीस उत्तरं लिहायची. मनात येईल ते. तीस बायकांकडून भरून घ्यायचेत."

"वीस?" देवकी म्हणाली. "एका बाईची वीस उत्तरं कशी निंगतीन, ताई? मह्याजवळ तीनच हायेत."

"लिहायला लागा, सुचतील."

देवकीनं हात पुसले आणि चौथीतल्या गोल अक्षरात लिहिलं: मी चंद्रकलाची आई. मी गिरिधरची बायको. मी पार्वतीबाईची सून. मी नत्थूजीची पोरगी. मी स्वयंपाक करतो. मी देवाले मानतो. सातव्या रेघेवर पेन्सिल थांबली.

कुसुमताई हसल्या. "सगळ्यांचं असंच होतं बघा. नाती संपली की बायका थांबतात. आमच्या समाजशास्त्राच्या बाई म्हणतात, यात आश्चर्य नाही. लोक ज्या नजरेनं पाहतात, त्याच नजरेनं आपण स्वतःला पाहायला लागतो. आणि तत्त्वज्ञानाचे सर अगदी उलट! ते म्हणतात, नाव काढा, नाती काढा, देहसुद्धा काढा. मग जो नुसता बघणारा उरतो, तो तुम्ही."

"त्याले भूक लागते का, त्या बघणाऱ्याले?"

"नाही लागत, म्हणतात."

"मंग तो बाई नसन," देवकी म्हणाली. "सैपाक कोण करून राहिलं, थे पाहाले पाहिजे त्यानं."

कुसुमताई खूप हसल्या. मग उंबऱ्यावर टेकून, नवी गोष्ट सांगावी तशा सांगू लागल्या, "मानववंशशास्त्राच्या पुस्तकात तर काय एकेक गंमत आहे! दूर बर्फाच्या मुलखात मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. नुसतं नाव नाही हं. आजीचं नाव दिलं, तर घरातले त्या बाळालाच आजी म्हणतात. मेलेलीची जागाच देतात त्याला."

देवकीच्या हातून पेन्सिल पडली नाही. पण ती पेन्सिलीकडे अशी बघत राहिली, जणू ती कुणी तिच्या हातात नुकतीच ठेवली होती.

"आन् त्या बाळाचं काय होते, ताई?"

"म्हणजे?"

"थे जे बाळ जन्माले आलं असते... त्याचं सोताचं काय होते?"

"ते काही लिहिलेलं नाही," कुसुमताई म्हणाल्या. "त्यांना त्यात वावगं वाटत नाही."

त्या गेल्यावर देवकीनं सातव्या रेघेवर लिहिलं, मी देवकी. मग ते असं खोडलं की कागद फाटला.

नवमीच्या आदल्या सकाळी पार्वतीबाई पाट्यावर उडदाची डाळ वाटत होत्या. देवकी पाणी घालत होती.

"यंदा चंद्रकलेच्या हातानं पाय धुवाचे," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी बुढी झाली. तेरा सरून चौदावं लागलं तिले. पोटच्या पोरीच्या हातचं पाणी लागलं त जीव सुटते."

देवकीचा हात तांब्यावर थांबला. "तिले काय सांगसान?"

"काय सांगाचं? आईचे पाय धू म्हनाचं. त्यात खोटं काय हाये वं?"

"आत्याबाई, थे पानी मले लागन की तिले?"

"पानी घाल. डाळ कोरडी होऊन राहिली."

"मी जिती हावो ना." देवकीनं तांब्या खाली ठेवला. "पोट्टीनं मह्या पायावर मेलेल्या बाईचं पानी टाकाचं, आन् मी खाली मान घालून बसाचं?"

पार्वतीबाईंनी वाटण थांबवलं. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. "सांग मंग तिले," त्या हळू म्हणाल्या. "सांग, तू तिची कोणी नोयस. बारा वर्ष कमावलं, एका घडीत दे टाकून. मह्यं काय जाते? मी आजीच राहीन."

तो घाव बरोबर वर्मी बसला. पार्वतीबाईंखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून तो इतका नेमका बसला नसता.

दुपारी गिरिधर जेवायला आला. सायकल भिंतीला लावत होता, तेव्हा देवकी मागे जाऊन उभी राहिली.

"एक मांगतो. मले एकदा देवकी म्हना."

त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "काहून?"

"असंच. कसं वाटते थे पाहाचं हाये."

त्याचे ओठ हलले. मग तो ओशाळून हसला. "नाही जमत वं. थे नाव घेतलं त दुसऱ्याची बायको वाटते."

देवकीही हसली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हेच वाईट होतं.

नवमीला पाट मांडला. भोवती रांगोळी, पुढे पान: वडे, खीर, कढी, पोळी. देवकी न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसली. हे लुगडंही तिचं नव्हतं. चंद्रकला तांब्या-परात घेऊन समोर बसली आणि खुसखुसू लागली.

"आई, गुदगुल्या झाल्या त हलजो नको हं. आजी रागावते."

"बोलू नको," पार्वतीबाई म्हणाल्या. "धू पाय. मनात म्हन, जेव वं माय, पोटभर जेव."

चंद्रकलेनं दोन्ही हातांत देवकीचं पाऊल घेतलं. पाणी ओतलं. टाचेच्या भेगा अंगठ्यानं चोळल्या. मग डोळे मिटून, अगदी खऱ्या भक्तीनं, ती पुटपुटली, "जेव वं माय."

देवकीनं पाय ओढून घेतला. परात कलंडली, रांगोळी वाहून गेली.

"मी नाही," ती म्हणाली. "चंदे, थे मी नाही."

"सत्यवते!" पार्वतीबाई ओरडल्या.

"सत्यवती तुही आई होती. तू दहा महिन्यांची होती तवा गेली. मी मागून आली. मह्यं नाव देवकी." तिला आणखी खूप सांगायचं होतं, रांगतानाचं, गोवरातलं, पण शब्द एवढेच निघाले. "हे तिचं पान हाये. मी नाही खाऊ शकत."

चंद्रकलेनं आजीकडे पाहिलं. आजी खोटं आहे म्हणेल, म्हणून ती वाट बघत होती. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढं पुरलं. मुलीनं ओले हात फ्रॉकला पुसले, उठली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. पान तसंच राहिलं. शेवटी पार्वतीबाईंनी ते उचलून गाईला नेऊन घातलं.

पंधरा दिवस चंद्रकला घरात नीट वागली. ते नीट वागणंच देवकीच्या अंगावर काटा आणायचं. भांडण नाही, हट्ट नाही. काही हवं असलं की ती दारात येऊन उभी राहायची आणि देवकीचं लक्ष जाण्याची वाट बघायची. हाक मारायची नाही. केस विंचरायला पाठ करून बसायची, फणी मागे धरायची, गप्प. पार्वतीबाईही आता नावानं बोलवेनात. गिरिधर तर पहिल्यापासून 'अवं'वरच होता. नवमीनंतर देवकीला वाटलं होतं, एक नाव गेलं तर दुसरं येईल. त्याऐवजी घर दोन्ही नावांना शिवेना.

मग एका संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत असताना चंद्रकला येऊन भिंतीला टेकली.

"ती कशी होती?"

देवकीनं मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मुलगी तिच्याशी आपणहून बोलली होती. काहीतरी द्यावं, मोठं, भरपूर, असं तिला वाटलं. तिनं आत शोधलं. तिथे काहीच नव्हतं. फोटो नाही, आवाज नाही. बारा वर्षं जिचं नाव अंगावर घेतलं, ती गोरी की सावळी, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"मले नाही माहीत," ती म्हणाली.

"मी सांगतो," ओसरीवरून पार्वतीबाईंचा आवाज आला. त्या आत येऊन चुलीच्या कडेला बसल्या, चंद्रकला त्यांना चिकटून. बारा वर्षं कोंडलेलं बोलणं बाहेर पडू लागलं.

"ठेंगणी होती. तुह्यावानी नाक. फोडणीत हिंग जरा जास्तच टाके. कढी पहिले देवाले, मंग मांजरीले, मंग आमाले. मी म्हनो, मांजरीच्या मागून आमचा नंबर लावते का वं?"

चंद्रकला हसली. देवकीचा हात मंदावला. हिंग देवकीही जास्तच टाकायची. मांजरीला कढी तीही वाढायची. पहिल्या वर्षी, नव्या घरात, पार्वतीबाई बाजूला बसून सांगायच्या: असं कर, तसं नको करू. तिला वाटत होतं, आपण नागपूरचा स्वयंपाक शिकतोय.

"रागावली की बोले नाही. नुसतं जोरजोरात भांडे लावे."

आजही सकाळी देवकीनं भांडी जोरात लावली होती. ते तरी आपलंच, असं समजून.

"आन् भाकर थापताना," पार्वतीबाई आपल्याच नादात होत्या, "डावा पाय मुडपून बसे, उजवा लांब. मीच तिले तशी सवय लावली होती. धूर लागत नाही म्हनून. चुलीकडून तोंड वळते ना."

चंद्रकलेची नजर खाली गेली आणि देवकीच्या पायांवर थांबली. डावा मुडपलेला, उजवा लांब. देवकीनंही पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचे पाय.

"तशी नको बसू," चंद्रकला म्हणाली.

देवकीनं उजवा पाय जवळ ओढला. मग डावा सोडला. मग दोन्ही गुडघे वर करून पाहिले. कशीही बसली तरी हात चालेना, आणि परातीतली भाकरी तिच्या बोटांखाली मधोमध फाटली.