मागे कोण बोलत होतं?

सुलोचना गायकवाडला त्या ऑगस्टपर्यंत कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. नागपुरात तिने आठ वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, पण सिडनीत त्या अनुभवाला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. मग टूनगॅबी या उपनगराजवळच्या एका प्राथमिक शाळेत ती वर्गातली मदतनीस झाली. लॉकडाउनमध्ये शाळा झूमवर गेली, तशी तीही गेली. माइक बंद करून आपल्या चौकोनात बसायचं आणि एखादं पोर अडलं की त्याला वेगळं घेऊन समजवायचं. दिसायला सोपं काम, पण दुपारपर्यंत बाई पार गळून जायची.

बुधवारी वर्गशिक्षिकेचा, मिस पार्करचा, फोन आला. "सुलोचना, एक रेकॉर्डिंग ऐकशील? तुमच्या भाषेत आहे."

पाचवीतल्या मयूराची गणिताची चाचणी होती; प्रत्येक पोराने ती घरी सोडवतानाचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. वीसपैकी वीस! पण शेवटच्या गणिताला मागून तिच्या आईचा आवाज आला होता, मराठीत. आईने उत्तर सांगितलं, असा मिस पार्करचा संशय. तशी मेल घरी गेलीसुद्धा होती. आता शून्य द्यायचं घाटत होतं, आणि शून्य पडलं की पुढच्या टर्मला पोर गणिताच्या वरच्या वर्गातून बाहेर.

सुलोचनाने कान देऊन ऐकलं. मयूराची आई सुखदा नवऱ्यावर ओरडत होती, "अहो, भाजी करपतेय, बघा की जरा! मी मीटिंगमध्ये आहे!"

बस, एवढंच. कसली डोंबलाची कॉपी!

"ओह," मिस पार्कर म्हणाली. "मग ठीक आहे. मार्क राहू देते. या मुलांचे आईबाप फार मागे लागतात ना, म्हणून मला वाटलं."

एरवी सुलोचनाने 'नो वरीज' म्हणून फोन ठेवला असता. सिडनीत आल्यापासून अकरा वर्षं तेच तर करत आली होती. पण त्या दिवशी तिला वीट आला, अगदी मनापासून वीट. ती म्हणाली, "बाकीच्यांचीही रेकॉर्डिंग ऐकू या."

"सगळ्यांची?"

"हो. आत्ताच."

तिसरं रेकॉर्डिंग जॅक्सनचं निघालं. मागून त्याचे बाबा स्वच्छ इंग्लिशमध्ये सांगत होते, "सात नाही, मेट, नऊ टाक." जॅक्सनने नऊ टाकले. आता बोला! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मिस पार्कर हळूच म्हणाली, "हे मी आधी ऐकलं होतं. मला काही खटकलंच नव्हतं."

बाई वाईट नव्हती हो. तिला खरंच लाज वाटली. दोघींनी मिळून ठरवलं की यापुढे संशय आला तर आधी मुलाला आणि घरच्यांना विचारायचं, आणि नियम सगळ्यांना एकच.

"चाचणीच्या वेळी घरात शांत राहा, अशी सूचना मराठी-हिंदीत करून देशील?" मिस पार्करने विचारलं.

"देते की. पण आधी ती इंग्लिशमधून सगळ्यांना जाऊ दे," सुलोचना म्हणाली. सूचना तशीच गेली.

सोमवारी साधाच तास होता, चाचणी नव्हे. मयूराच्या मागे सुखदा नवऱ्याला हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि तो चवड्यांवर चालत होता. सुलोचनाने मयूराला मेसेज टाकला, 'घरी सगळं ठीक ना?' पोरीचं इंग्लिशमध्ये उत्तर आलं, 'स्कूल टाइममध्ये मराठी बोलायचं नाही, मम्मी म्हणाली.'

सुलोचनाने माइक चालू केला. चोवीस पोरं आणि मिस पार्कर, सगळे ऐकत होते.

"सुखदा," ती मराठीत म्हणाली, "अगं, बोल की मोकळेपणाने. तुझंच घर आहे ना ते?"

सुखदा दचकली. घाईघाईने कॅमेऱ्याशी वाकली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "सॉरी मिस पार्कर. पुन्हा असं होणार नाही."