बंपरपुढची वीतभर जागा

सव्वीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या दशरथ राण्यांना एकच धास्ती होती. उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला सगळं दिसतं, असं कारवाले धरून चालतात. भर दुपारी मुलुंडजवळ एक लाल कार त्यांच्या पुढ्यात घुसली, गर्दीमुळे थबकली आणि काचेखाली दिसेनाशी झाली. दशरथनी जीव खाऊन ब्रेक दाबला. सिमेंटने भरलेला ट्रक कसाबसा थांबला.

ते खाली उतरले. कार बंपरपासून वीतभर पुढे उभी होती, साधा ओरखडाही नव्हता. आतली मुलगी रडवेली झाली होती.

"काका, मला वाटलं, मी दिसतेय तुम्हाला."

"नाय गं बाय. इतक्या जवळ आलीस की तू दिसतच नाहीस."

तिला चांगलं झापायचं, असं ठरवून ते उतरले होते. पण ती धडधाकट आहे हे बघूनच त्यांचा जीव भांड्यात पडला. तिने दिलेलं पाणी ते घटाघटा प्यायले.