घंटेपासून रेषेपर्यंत

मेघाली शर्यतीला उभी राहिली, की तिच्या आईच्या डोळ्यांपुढे तालुक्याची ती शर्यत येई. सगळ्यांच्या पुढे असलेली पोर शेवटची रेषा हाताशी आली असताना गुडघ्यांवर कोसळली होती. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तरी आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ठाण्याची जिल्हा स्पर्धा ही शेवटची, पुढे धावणं बंद, असं तिने केसरीनाथ सरांना बजावून ठेवलं होतं.

मेघाली दिघाशीची, अकरावीतली. पंधराशे मीटर धावायची. सर तिला गावच्या शाळेच्या मैदानावर पळवत. ती पडल्यापासून सरांचं आणि तिच्या चुलत आजोबांचं, दाजींचं, ओटीवर रोज वाजत असे. दाजी जुने कबड्डीपटू. त्यांच्या मते पोरीने ताकद राखून ठेवावी आणि शेवटी सुसाट सुटावं. सर म्हणत, आधी दम वाढू दे, वेग मागून येईल.

“मांजर बघा मास्तर,” दाजी म्हणाले. “दबून बसतंय, आन् मंग एकदम झडप.”

“मांजर पंधराशे मीटर पळत नाही, दाजी.”

मेघालीचा बाप मनोज हसू आवरेना म्हणून अंगणात निघून गेला.

अखेर तडजोड झाली. शेवटच्या फेरीची घंटा होईपर्यंत घोळक्यात दबून राहायचं, घंटा झाली की जीव खाऊन सुटायचं. सर थाळी वाजवत आणि मेघाली रोज तशी सुटायची. पण शाळेचं मैदान लहान, त्याची फेरी दोनशे मीटरची. ठाण्याच्या मैदानाची चारशेची. ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही.

ठाण्यात घंटा झाली आणि मेघाली सुटली.

“अगं, इथली फेरी चारशेची आहे,” सर कपाळावर हात मारून म्हणाले.

आईला तेव्हा उमगलं, पोर दुप्पट अंतर तोडायला निघाली आहे. बाकीच्या मुलींना वाटलं असावं, ही आपोआप मागे येईल. त्यांनी तिला जाऊ दिलं. पल्याडच्या बाजूला मेघाली एकटीच, वेणी पाठीवर आपटत. वळणावर मात्र तिचे खांदे वर चढले, मान मागे गेली. पडण्याआधी ती अगदी अशीच झाली होती. आईने मनोजचं मनगट आवळलं. मागून हिरव्या बनियनमधली उंच मुलगी आली, बरोबरीला आली, पुढे गेली. मेघालीच्या पायांत वेग उरला नव्हता, पण पाय पडत होते, आणि तिसरीला काही ती सापडली नाही. ती दुसरी आली. उभ्याने आली. आई कठड्यावर कधी चढली होती, ते तिलाही कळलं नाही.

परतताना जीपमध्ये दाजी म्हणाले, वेगाने पुढे काढलं. सर म्हणाले, दमाने टिकवलं. अंबाडी गाव आलं तरी दोघांचं संपेना. आईने लेकीला हळूच विचारलं, वळणावर काय झालं होतं?

“पाय जड झाले. वाटलं, आता पडते. मग म्हटलं, पडायचंच तर रेषेपल्याड पडू.” मेघाली थोडं थांबली. “आई, ती हिरवी परत भेटली ना, तरी मी घंटेलाच सुटेन. तेव्हा ती मला गाठायची न्हाय.”

पहिल्या दोघी विभागाच्या सराव शिबिराला जाणार होत्या. नावं दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यायची होती, पण आईने बजावून ठेवल्यामुळे सरांनी वाटेत तो विषयही काढला नाही.

घरी मेघाली ताटभर भात खाऊन जागच्या जागी झोपली. आईची काळजी काही गेली नव्हती. पुढच्या शर्यतीलाही ती कठड्याशी असणारच होती. तिने भाकरीच्या पिठाचे हात धुतले आणि मनोजकडे मोबाइल मागितला. सरांना सांगायचं होतं, मेघालीचं नाव द्या. आणि शिबिरातल्या लोकांना आधीच कळवा, पोरीला घंटेला सुटू द्या.