कोणालाच नको असलेलं पॅकेज

ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. शहरातल्या चाळीस वाचनालयांच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची एकच इमेज, म्हणजे सगळे प्रोग्राम भरलेला तयार साचा, बसवलेली असे, आणि त्या इमेजमधली जुनी, निकामी पॅकेजं, म्हणजे सुटे प्रोग्राम, काढणं हे तिचं अकरा वर्षांचं काम. एक पॅकेज दुसऱ्याच्या आधारावर उभं, दुसरं तिसऱ्याच्या. भलतंच काढलं की सगळंच कोसळायचं. म्हणून ती आधी दहादा बघायची, मग हात लावायची.

त्या वर्षी यादीत पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक जुनं पॅकेज होतं. लिहिणाऱ्याने सहा वर्षांपूर्वी ते वाऱ्यावर सोडलेलं, सुरक्षेला भोक पडलेलं, आणि दुसरं कुठलंही पॅकेज त्याच्यावर विसंबून नव्हतं. नव्या आवाजाचं पॅकेज तर आधीच आलं होतं. तिने जुनं काढलं. फक्त त्याच्यासाठी ठेवलेली आणखी एकोणीसही गळाली. साहेब खूश.

दोन महिन्यांनी एका ग्रंथपाल बाईंचा फोन आला, तोही बिघडलेल्या प्रिंटरसाठी. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमचे घड्याळजी काका येईनासे झाले हो. डोळे गेल्यापासून रोज दहाला येऊन पेपर ऐकायचे. तो नवा आवाज आला, दोन दिवस बसले, आणि गेले ते गेलेच."

कात्रीबाईने जुनी यादी पुन्हा उघडली. पॅकेजं तिने सगळी तपासली होती. माणसांना विचारायचं सुचलंच नव्हतं.

आठ दिवस खपून तिने जुन्या पॅकेजमधलं भोक बुजवलं, साहेबांशी हुज्जत घालून ते परत बसवलं, आणि पत्ता काढून घड्याळजींच्या घरी गेली. सुनेने दार उघडलं. काका खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर.

"काका, तुमचा जुना आवाज मीच काढला होता. चुकलं माझं. आता परत आणलाय."

काकांनी मान तिच्याकडे वळवली. "म्हणजे... आवाज बदलला होता?"

"हो. कोणी सांगितलं नाही?"

"मी विचारलंच नाही, पोरी. शब्द कळेनात, तेव्हा वाटलं, डोळ्यांपाठोपाठ कानही चालले. चारचौघांत शोभा नको, म्हणून उठून आलो. घरीही बोललो नाही. हिच्या जिवाला आणखी घोर कशाला?"

सून दारातच थिजली. सासरे दोन महिने का बोलेनासे झालेत, ते तिला आत्ता कळत होतं.

"उद्या मी न्यायला येते, काका."

"पायांत जोर नाही राहिला गं आता. पण कान शाबूत आहेत म्हणायचे! बरं झालं सांगितलंस."

मग तिने आपला जुना लॅपटॉप त्यांच्या खिडकीपाशी आणून ठेवला. तो आवाज त्यांनी पाच आठवडे ऐकला. सहाव्या आठवड्यात छातीत कफ भरला आणि ते गेले. सुनेने लॅपटॉप पुसून, वायर नीट गुंडाळून परत आणून दिला.

त्यानंतर एकही पॅकेज काढण्याआधी कात्रीबाई चाळीसही वाचनालयांना फोन करू लागली.

"अहो, किती दिवस रखडवणार ही यादी?" साहेब वैतागायचे.

ती मान हलवायची आणि पुढचा नंबर लावायची.