पेढा खाववला नाही

तारनाक्याहून सकाळच्या बसला एक बाई रोज माझ्या शेजारी बसायच्या. नाव कधी विचारलं नाही. त्यांच्या घरचे मूळ नांदेडकडचे, त्यामुळे या तेलुगू शहरातही आमच्या मराठीत गप्पा व्हायच्या. शहराबाहेरच्या कारखान्यात त्या विमानाच्या दारांचे भाग तपासायच्या. बोलतानाही त्यांची बोटं पुढच्या सीटच्या कडेवरून फिरत राहायची.

मग दुसऱ्या कंपनीने बनवलेलं एक विमान बिघाडामुळे कोसळलं. गिऱ्हाइकं हळूहळू यांच्या कारखान्याचे भाग वापरणाऱ्या कंपनीच्या विमानांकडे वळली, काम वाढलं आणि बाई पर्मनंट झाल्या. मी अभिनंदन केलं.

"हौ, कारखान्यात पेढे वाटले," त्या म्हणाल्या. "मला खाववला नाही. ज्यांचं विमान पडलं, तिकडंही माझ्यासारखी कुणी तपासणारी असेल ना?"

सीटच्या कडेवरून बोट फिरवत त्या पुढे बोलू लागल्या.

"आता आमचे साहेब म्हणतात, हात जल्दी चालवा. मी म्हटलं, नक्को साहेब. पूर्ण बघितल्याशिवाय मी सोडणार नाही. तिकडंही असंच कुणी जल्दी म्हटलं असेल."

"रागावले का?"

"लई रागावले," म्हणत त्या उतरायला उठल्या.

पुढे माझं ऑफिस बदललं. अजूनही विमानात बसताना मला त्या आठवतात. त्यांची नोकरी टिकलेली असावी, असं मनापासून वाटतं.